भरलेली दाढ उंच लागतेय? उद्याच परत जा

वराळे, आंबी, इंदोरी, तळेगाव आणि वर थेट लोणावळ्यापर्यंतच्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. दाढ भरून घेतल्यावर तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकत असेल, बाकीचे दात एकमेकांना लागायच्या आत तिथं काहीतरी अडल्यासारखं वाटत असेल, तर 'होईल सवय' म्हणून घरी बसू नका. दुसऱ्या दिवशी परत जा. डॉक्टरांना एवढंच सांगा, "भरलेलं उंच लागतंय." ते निळा किंवा लाल कागद दातांत धरायला देतील, चावायला सांगतील आणि जिथं ठिपका गडद उमटेल तिथं जरासं घासतील. पाचएक मिनिटांचं काम आहे. त्याला बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही.

एवढ्याशा गोष्टीसाठी आवाहन कशाला, असं वाटेल. पण दाढ भरायला येणारा माणूस किती दुखेल ते विचारतो, किती पैसे पडतील ते विचारतो, पांढरं भरायचं की चांदी तेही विचारतो. चावताना भार नेमका कुठं पडणार, हे कुणीच विचारत नाही. भरलेली दाढ पाच-सात महिन्यांत तडकते की दहा वर्षं शांतपणे काम करते, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

भरणाऱ्यानं काम वाईट केलं म्हणून दाढ उंच राहते, असं समजू नका. बधिर तोंडानं माणसाला नीट चावताच येत नाही. ओठ जड, जीभ जड, बराच वेळ आ वासून जबडा थकलेला. डॉक्टर 'चावा' म्हणतात तेव्हा खालचा जबडा नेहमीच्या जागी जाऊन बसतोच असं नाही, आणि कागदावर ठिपका उमटतो तो त्या अर्धवट चावण्याचा. खरी परीक्षा होते ती घरी, बधिरपणा उतरल्यावर, पहिल्या घासाला. डॉक्टर तिथं नसतात. तेव्हा निकाल त्यांना तुम्हीच कळवायचा.

ही परीक्षा घ्यायची कशी तेही सांगतो. बधिरपणा पूर्ण गेला की ताठ बसा आणि दात हलके मिटा. दोन्ही बाजू एकदम टेकतात का ते बघा. मग दात मिटलेलेच ठेवून जबडा हळू डावीकडे सरकवा, नंतर उजवीकडे. भरलेली दाढ कुठं अडते का? नुसतं सरळ चावताना ठीक वाटतं आणि बाजूला सरकवताना अडतं, असंही पुष्कळदा होतं. आपण घास रगडतो तो जबडा बाजूला सरकवूनच, म्हणून ही दुसरी तपासणी विसरू नका.

सवय होते हे खरं आहे, आणि घात तिथंच होतो. दात जबड्याच्या हाडात थेट चिणलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचं पातळ आवरण असतं आणि त्यावर दात किंचित हलू शकतो. जास्त भार येणारी दाढ पहिले काही दिवस दुखते, मग जराशी सरकते, जबडाही चावायची वाट थोडी बदलतो आणि ठणका ओसरतो. माणसाला वाटतं, बसली दाढ. पण त्या काही दिवसांत फिलिंगच्या पृष्ठभागावर चिरेची सुरुवात होऊन गेलेली असू शकते, आणि एकदा पडलेली चीर भरून येत नाही. हाड जुळतं, जखम भरते. दातात भरलेल्या मसाल्याला तशी सोय नाही.

हे का होतं ते समजून घ्यायला आपल्या तळेगावइतकी चांगली जागा नाही, कारण इथल्या माणसाला काच नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्या खटपटीला पाठिंबा होता. जपानमध्ये आणि अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय इथं काम बघत होते, आणि इथं शिकलेले कारागीर पुढं देशभर पांगले. काचेचं काम जवळून पाहिलेल्या कुणालाही विचारा. काच दाबाला चांगली टिकते, ताणाला टिकत नाही. काच कापणारा हिऱ्याच्या कलमानं नुसती एक रेघ ओढतो, मग हातानं हलकासा बाक देतो, आणि जाड तावदान त्या रेघेवर मोडतं. जोर लागतो थोडाच, काम ती रेघ करते. काचेची ताकद तिच्यातल्या अशा बारीक चिरांवर ठरते, हे इंग्रज अभियंता ॲलन ग्रिफिथ यांनी १९२१ साली हिशेबानं दाखवून दिलं.

आता तुमच्या दाढेकडे या. दाताच्या रंगाचं जे पांढरं फिलिंग आपण कंपोझिट म्हणून भरून घेतो, त्यात वजनानं पाऊण भागाच्या आसपास बारीक दळलेली काच किंवा गारेची पूड असते आणि उरलेला भाग ती धरून ठेवणारं रेझिन. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या राफेल बोवेन यांनी त्या रेझिनचं पेटंट १९६२ साली मिळवलं. लहान मुलांच्या दाढेत किंवा हिरडीलगतच्या खाचेत भरतात ते ग्लास आयोनोमर सिमेंट म्हणजे काचेची पूड आणि एका आम्लाचं पाणी यांचं मिश्रण. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते बनवलं आणि १९७२ साली जगापुढं ठेवलं. ते दाताला स्वतःहून चिकटतं, फ्लोराइड सोडतं, स्वस्त पडतं. पण चीर अडवण्यात ते कंपोझिटच्या बरंच मागं आहे. राहिली चांदी. चांदी, कथील आणि तांबं यांची पूड पाऱ्यात कालवून बनलेली ही चीज दिसायला धातू असली, तरी तुटताना ठिसूळच वागते. दाबाला ती जेवढी टिकते, त्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपासच ताणाला टिकते. म्हणजे काहीही भरलं तरी वैरी एकच, ताण.

मग चावताना तर दाबच पडतो, ताण येतो कुठून? हा प्रश्न हाइनरिश हर्ट्झ या तरुण जर्मन शास्त्रज्ञानं सोडवला. रेडिओ लहरींमुळं त्याचं नाव जगाला ठाऊक आहे, पण त्याआधी १८८२ साली छापलेल्या लेखात त्यानं गोल वस्तू सपाट वस्तूवर दाबली की आत काय घडतं, याचं गणित मांडलं होतं. जिथं टेकते तिथं बरोबर खाली दाब असतो. पण टेकलेल्या ठिपक्याच्या कडेभोवती, अगदी कडेला लागून, पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला खेचला जातो. तिथं ताण आहे. काचेवर गोळी दाबून बघितली तर त्या कडेभोवती आधी बारीक गोल चीर पडते आणि जोर वाढला की ती आत शंकूसारखी पसरत जाते. तुमच्या समोरच्या दाढेचा उंचवटा म्हणजे ती गोळी. फिलिंग उंच राहिलं की सगळ्या दाढांनी वाटून घ्यायचा भार त्या एका ठिपक्यावर येतो.

दुसरी चीर खालून येते आणि ती जास्त फसवी. फिलिंग पातळ असेल आणि त्याच्या खाली मऊ आधार असेल, तर चावताना ते खाली वाकतं. वाकलं की तळाला ताण. चीर तळाशी सुरू होऊन वर येते. वरून पाहणाऱ्याला बराच काळ काहीच दिसत नाही, आणि एके दिवशी साधी पोळी खाताना तुकडा पडतो. मग दोष पोळीला. अशा पातळ थराचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाडी निम्मी झाली की तडकायला लागणारा भार साधारण चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून चांदी भरताना डॉक्टर दीड ते दोन मिलिमीटर खोली मिळेपर्यंत खड्डा करतात. "कीड एवढीशी होती, खड्डा केवढा केला," अशी तक्रार घेऊन बाहेर पडू नका. ती खोली तुमच्याच दाढेच्या भल्यासाठी असते.

तिसरी जागा म्हणजे सांधा, जिथं फिलिंग संपतं आणि दात सुरू होतो. समोरचा उंचवटा बरोबर त्या सांध्यावर येऊन आदळत असेल, तर फिलिंगची कड चुरा होऊन निघते, फट पडते आणि फटीत पुन्हा कीड बसते. फिलिंग निकामी होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे खालून लागलेली नवी कीड आणि तुटणं, आणि ही दोन्ही त्या सांध्यापाशी हातात हात घालून येतात. हे टाळणं भरणाऱ्याच्या हातात असतं. सुरुवातीलाच, इंजेक्शनच्याही आधी, तो कागदावर चावायला लावून ठिपके कुठं पडतात ते पाहून ठेवतो आणि खड्ड्याची कड त्या ठिपक्यांपासून दूर नेतो. तुमचे डॉक्टर आधी कागद चावायला देत असतील तर घाई करू नका. तेवढा वेळ त्यांना द्या.

एवढं सगळं एका घासात होत नाही. एका वेळचा भार चीर पाडण्याइतका नसला, तरी तोच भार हजारो वेळा पडला की चीर पुढं सरकते. तोंडात तर कायम लाळ. काचेच्या चिरेच्या टोकापर्यंत पाणी पोचलं की तिथले बंध सैल होतात आणि कोरडी काच सहन करते त्याहून कमी ताणात ती चिरत जाते. कंपोझिटमध्ये काचेचा कण आणि रेझिन यांना जोडणारा धागाही पाण्यानं वर्षानुवर्षं झिजतो. अमेरिकेतल्या त्याच मानक संस्थेत ब्रायन लॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या आणि सिरॅमिकच्या थरांवर पाण्याखाली पुन्हा पुन्हा गोळी दाबून पाहिली. प्रत्येक दाबाबरोबर चिरेतलं पाणी आत रेटलं जातं आणि पाचरीसारखं काम करतं, असं त्यांना दिसलं. तेव्हा 'परवापर्यंत काही नव्हतं, काल अचानक तुटलं' असं जे आम्ही दंतवैद्य रोज ऐकतो, त्यातला 'अचानक' हा शब्द खरा नसतो. तुटण्याची सुरुवात कधीच होऊन गेलेली असते. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांवर माझा एवढा जोर आहे.

आता जेवणाकडे येतो, कारण आपल्या मावळात दाढेचे वैरी ताटातच असतात. जेवताना दाढांवर साधारण ७ ते १५ किलो भार येतो. जोरानं आवळलं तर धडधाकट माणूस ५० ते ७० किलोपर्यंतही जाऊ शकतो. हा भार घासभर भातावर पसरला तर काही बिघडत नाही. पण भातात खडा असेल, आणि त्याचं टोक अर्धा मिलिमीटर लांब-रुंद असेल, तर १५ किलो भाराचा तिथं चौरस मिलिमीटरला ६० किलो होतो. चांगल्या कंपोझिटची पट्टी वाकवून मोडली तर ती चौरस मिलिमीटरला ८ ते १२ किलोच्या ताणाला मोडते. हे दोन आकडे तंतोतंत शेजारी ठेवायचे नसतात, एक दाबाचा आणि एक ताणाचा. तरी खडा लागल्यावर डोक्यापर्यंत कळ का जाते आणि फिलिंगचा टवका का उडतो, ते त्यातून समजेल.

वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं १९८७ साली आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी तांदूळ दिला आणि मावळचं नाव महाराष्ट्राच्या घराघरांत नेलं. घरचा तांदूळ खाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की तो निवडून आणि रोळून घ्या. आपल्या आज्या रोवळीत तांदूळ रोळायच्या, खडा तळाशी राहायचा. मशीनमधून आलेल्या तांदळातही खडा असू शकतो, आणि डाळीत तर हमखास. वराळ्यात बाहेरगावची पुष्कळ मुलं कॉलेजसाठी राहतात, कंपन्यांतले कामगार खोल्या करून राहतात आणि मेसवर जेवतात. मेस चालवणाऱ्या ताई-दादांनो, तुमच्या एका खड्यानं एखाद्या पोराचा महिन्याचा खर्च दाढेवर जाऊ शकतो. पाखडायला आणि निवडायला माणूस ठेवा.

चिक्की खाऊ नका असं लोणावळ्याच्या एवढ्या जवळ राहून मी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. पण ती कशी खायची ते सांगतो. चिक्की दोन तऱ्हांनी फिलिंग बिघडवते. थंड आणि कडक असताना ती एका कोपऱ्यावर सगळा भार घेते, आणि तोंडात गरम होऊन चिकट झाली की दात उघडताना फिलिंगला वर ओढते. हातानं लहान तुकडे करा, तुकडा जिभेवर थोडा वेळ ठेवा, आणि भरलेल्या दाढेची बाजू सोडून चावा. घाटात पाऊस बघत खाल्लेल्या कणसाचं काही नाही. पण मक्याच्या लाह्यांत तळाला राहिलेले न फुटलेले दाणे चावू नका. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ऊस यांनाही तोच नियम, थोडं थोडं आणि दोन्ही बाजूंनी. भरलेल्या दाढेत मटणाची नळी धरून फोडणं कायमचं बंद करा.

सुपारीबद्दल मात्र कुठलीही सवलत नाही. कडक सुपारी दिवसभर एकाच गालात धरून चघळणाऱ्यांच्या दाढा मी पाहतो. उंचवटे झिजून सपाट झालेले, फिलिंगच्या कडा उडालेल्या आणि दातांत उभ्या चिरा. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, पण सुपारीची पुडी टपरीवर टांगलेलीच असते. सुपारीमुळं तोंडाचा कर्करोग होतो, तोंड उघडेनासं होतं. त्यापुढं दाढेचं नुकसान लहानच. पण रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून ती तोंडात ठेवणाऱ्या भावांनो, निदान दाढेसाठी का होईना, सोडा. बाटलीचं झाकण, खिळा, वायरीचं आवरण, दुधाच्या पिशवीचा कोपरा, हेही दाताचं काम नव्हे.

काय भरलं आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या, कारण पहिल्या दिवसाची काळजी त्यावर अवलंबून आहे. चांदी भरली असेल तर ती पुरती घट्ट व्हायला दिवस लागतो. पहिले काही तास ती फारच कच्ची असते. त्या बाजूनं चोवीस तास चावू नका. ग्लास आयोनोमरला सुरुवातीला पाणी लागलं तरी वाईट आणि ते फार कोरडं पडलं तरी वाईट, पाण्यानं ते कच्चं राहतं, कोरडं पडलं की बारीक चिरा पडतात. म्हणून त्यावर लेप लावतात. तो बोटानं किंवा जिभेनं काढत बसू नका. कंपोझिट निळ्या दिव्यानं तिथल्या तिथं घट्ट होतं, त्यामुळं खायला फार थांबावं लागत नाही. पण दिव्याचा उजेड एका वेळी साधारण दोन मिलिमीटरच खोल जातो आणि घट्ट होताना मसाला दोन-तीन टक्के आकसतो. म्हणून नेहमीचं कंपोझिट थराथरानं भरावं लागतं. कुणी तुमच्या मोठ्या खड्ड्यात एकेक थर भरत अर्धा तास घालवत असेल, तर तो चालढकल करत नाही, काम करतोय.

लवंगेच्या तेलाचा वास येतो ते सिमेंट बहुतेक वेळा तात्पुरतं असतं. ते दाढ शांत करायला आणि पुढच्या भेटीपर्यंत भोक झाकायला असतं. दुखणं थांबलं म्हणून सहा महिने तेच घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत. ते झिजतं, तुटतं आणि आतली कीड पुन्हा चालू होते. दिलेल्या तारखेला जा.

चांदीबद्दल सध्या पुष्कळ भीती ऐकू येते, त्यावरही दोन शब्द. पाऱ्याचा वापर जगभर कमी करायचा यासाठी मिनामाता करार झाला आहे आणि भारतानं तो २०१८ साली मान्य केला. पंधरा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, डॉक्टरांना तशीच गरज वाटल्याशिवाय, चांदी भरू नये असं त्या कराराच्या देशांनी २०२२ साली ठरवलं. म्हणजे नवी चांदी हळूहळू जाणार, हे नक्की. पण म्हणून तोंडात वर्षानुवर्षं नीट बसलेली चांदी उकरून काढायला जाऊ नका. प्रत्येक वेळी उकरताना चांगल्या दाताचाही थोडा भाग जातो, खड्डा रुंदावतो आणि उरलेल्या भिंती पातळ होतात. कड उडाली असेल, खाली कीड असेल, चीर असेल तर बदला. नुसती काळी दिसते म्हणून बदलू नका.

या भिंतींचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत मोठं नुकसान इथं होतं. १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी काढलेल्या दातांवर मोजून पाहिलं, की कोणत्या कामानं दाताचा ताठपणा किती कमी होतो. नुसतं रूट कॅनॉलसाठी भोक पाडलं तर सुमारे ५ टक्के. चावण्याच्या पृष्ठभागावर मधोमध खड्डा केला तर सुमारे २० टक्के. पण पुढची आणि मागची, दोन्ही कडा कापून आरपार खड्डा केला, तर ६३ टक्के. लोक म्हणतात, रूट कॅनॉल केलं की दात ठिसूळ होतो. दात दुबळा होतो तो मुख्यतः किडीनं आणि खड्ड्यानं त्या दोन कडा खाल्ल्यामुळं. अशा दाढेत कितीही चांगलं फिलिंग भरलं तरी ते चावताना पाचरीसारखं बसतं, उभ्या राहिलेल्या भिंती बाहेर वाकतात आणि एक दिवस फिलिंग शाबूत राहून दाढच उभी दुभंगते. चीर मुळात उतरली की ती दाढ काढण्याशिवाय बहुधा काही उरत नाही.

म्हणून रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर डॉक्टर कॅप बसवायला सांगतात, तेव्हा ते दुकानदारी करत आहेत असं धरून चालू नका. ठणका थांबला की माणूस फिरकत नाही, हे आमच्या कामातलं सर्वांत मोठं दुःख आहे. तीन-चार फेऱ्या मारल्या, पैसे घातले, वेदना सोसल्या आणि शेवटच्या एका फेरीसाठी दाढ गमावली. पैशाची अडचण असेल तर तोंडावर सांगा. भिंती खाली घेऊन त्यावरून फिलिंग भरून घ्यायचा स्वस्त मार्ग असतो, धातूची साधी कॅप असते. न सांगता गायब होऊ नका.

शाळेत, ग्रामपंचायतीत शिबिरं होतात, मुलांचे दात तिथं हातानं कीड खरवडून ग्लास आयोनोमरनं भरले जातात. ही पद्धत चांगली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही १९९४ साली तिचा पुरस्कार केला. वीज नको, यंत्र नको, मूल घाबरत नाही. एका पृष्ठभागावरच्या लहान खड्ड्यासाठी ती पुरेशी ठरते, दोन दातांमधल्या मोठ्या खड्ड्याला ती कमी पडते. शिबिर संपून गाडी गेली की त्या मुलाला 'उंच लागतंय का' हे विचारणारं कुणी उरत नाही. आईबापांनो, त्या रात्री जेवताना तुम्ही विचारा. मूल एकाच बाजूनं चावत असेल तर ते तुम्हाला दिसेल, त्याला सांगता येणार नाही. शिक्षकांनीही आठवड्यानं एकदा वर्गात विचारलं तर फार उपयोग होईल.

झोपेत दात खाण्याची सवय असेल तर भरायच्या आधीच सांगा. स्वतःला कळत नाही, घरच्यांना आवाज येतो. सकाळी कानशिलं आणि जबडा जड वाटतो. झोपेत माणूस जागेपणी आवळेल त्याहून जोरात आणि कितीतरी जास्त वेळ आवळू शकतो, आणि मध्ये घासही नसतो, दातावर दात. अशांना रात्री घालायची प्लॅस्टिकची पट्टी करून देतात. ती महाग वाटते, पण तीन तुटलेल्या फिलिंगपेक्षा स्वस्त पडते.

काही खुणा मात्र एक दिवसही अंगावर काढू नका. चावताना नव्हे तर चावलेलं सोडताना सणक येणं, ही दातात चीर असल्याची जुनी ओळखीची खूण आहे. थंड पाण्यानं एकाच दाढेत कळ जाणं, जिभेला नवी धार लागणं, त्याच दाढेशेजारी रोज घास अडकायला लागणं, दोरा घातला की कडेला फाटणं. लवकर कळलं तर टवका उडालेली कड दुरुस्त करता येते, सगळं फिलिंग काढावं लागत नाही.

कुठं जायचं, हेही विचारलं जातं. ज्यांनी दाढ भरली त्यांच्याकडेच आधी जा. काय भरलं, किती खोल होतं, हे त्यांना ठाऊक असतं. खासगी खर्च झेपत नसेल तर तळेगाव स्टेशनवरून लोकल धरा आणि पिंपरीला उतरा. संत तुकारामनगरात डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात वेळ जास्त जातो, पण विद्यार्थ्यांचं काम शिक्षक तपासतात. सरकारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून जा. आणि बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन बसणाऱ्याकडून दाढ भरून घेऊ नका. दातांवर उपचार करणाऱ्याची नोंद राज्य दंत परिषदेकडे असायला हवी, कायद्याचं तसं बंधन आहे. प्रमाणपत्र भिंतीवर दिसत नसेल तर विचारायला लाजू नका.

फिलिंगचा तुकडा पडलाच, तर घाबरू नका. गिळला गेला असेल तरी सहसा काही होत नाही, तो आपोआप निघून जातो. मात्र तुकडा घशात अडकून ठसका थांबत नसेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थेट रुग्णालय गाठा. हातात आला तर कागदात गुंडाळून सोबत न्या. कुठून तुटला ते त्यावरून समजतं. खड्ड्यात मिश्री, तंबाखू, कापूर भरू नका, आणि बाजारचा डिंक लावून तुकडा चिकटवायला तर मुळीच जाऊ नका. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा, दुसऱ्या बाजूनं जेवा. दोन-तीन दिवसांत खुर्चीत बसा आणि सांगा, कोणती दाढ, कधी भरली होती, काय खाताना तुकडा पडला, आणि भरल्यावर ती कधी उंच लागत होती का.